हवालदारांचं पाणी

जयवंतने मिठाची बरणी खिडकीच्या उजेडात धरली, हलवून आतलं मीठ सपाट केलं आणि त्याच्या पातळीशी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला. झाकण लावताना त्याने दोऱ्याचं बोटभर टोक कडेत अडकवलं. झाकण कुणी फिरवलं की दोरा पडणार. मग बरणी होती तशी, हळदीच्या डब्याला खेटून, मांडणीवर ठेवली आणि तो दिवाणखान्यात पेपर उघडून बसला. आशालता न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा तो राशिभविष्य वाचत होता. आयुष्यात कधी न वाचलेलं.

"चा ठेवू?" तिने विचारलं.

"ठेव."

ती गुडघ्यावर हात देत स्वयंपाकघरात गेली. जयवंतने पानाआडून तिच्या पाठीकडे पाहिलं. सहासष्टाव्या वर्षी आपण थोरल्या बहिणीवर पाळत ठेवतो आहोत, यात काही चुकतंय असं त्याला वाटलं नाही. उलट बऱ्याच दिवसांनी हाताला काम मिळाल्यासारखं वाटलं.

तेहेतीस वर्षं तो जकात नाक्यावर होता. ट्रकवर कांद्याच्या गोण्या दिसल्या तरी कांद्याखाली काय आहे ते बघायचं, हा त्याचा धंदा. लांब लोखंडी सळी गवताच्या भाऱ्यात खुपसली की हातालाच कळायचं, आत कापडाचा गठ्ठा आहे की नुसतं गवत. ड्रायव्हर जास्त गोड बोलला की सळी दोनदा जायची. नियम एकच होता: गाडी एकदा नीट तपासून पास केली की तिच्याकडे परत बघायचं नाही. नाहीतर मागच्या रांगेचं काय करणार? पुढे जकात गेली, नाका उठला, सळी भंगारात गेली. संशय मात्र पेन्शनबरोबर घरी आला. विरारच्या त्या सोसायटीत दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्याला ओळखून होते. होळीनंतर अंघोळीच्या साबणाला फेस येईनासा झाला, तेव्हा खालचा दुकानदार बनावट साबण विकतो म्हणून जयवंतने त्याला चार लोकांत सुनावलं होतं. दुसऱ्या दुकानातून आणलेल्या साबणालाही फेस आला नाही, तेव्हा हाही पहिल्याला सामील आहे हे त्याने ओळखलं.

आता संशय घरात शिरला होता, आणि कारण समोरच्या काचेच्या टाकीत होतं.

टाकी मुलाची, वेदांतची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा ती आणि तिच्यातले सहा मासे मागे ठेवून गेला. अंगठ्याएवढे, राखाडी, ठिपक्यांचे. दुकानात त्यांना कोरी म्हणतात. अंगावर साध्या माशासारखे खवले नाहीत. दोन्ही कुशींना कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या कडक पट्ट्या, म्हणजे चिलखतच, आणि तोंडाशी मिशा. मनोरमाला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. बायको गेली, मुलगा गेला, आणि आपल्या वाट्याला मासे आले, म्हणून जयवंतने आधी नाक मुरडलं. मग एका दुपारी खुर्ची ओढून बघत बसला. हे मासे बाकीच्यांसारखे वर मिरवत नव्हते. तळाच्या वाळूत मिशा खुपसून, इंच इंच तपासत पुढे सरकायचे, आणि मध्येच डोळा खाली फिरवून मिचकवायचे. आपल्या खात्यातली माणसं भेटावीत तसं त्याला झालं. तेव्हापासून ते हवालदार.

हवालदारांचं सगळं तो शिकला. जाड खडीने मिशा झिजतात म्हणून तळाला बारीक वाळू. खाणं तळाशी जाऊन बसेल असं, गोळ्यांचं. दर शनिवारी बालदीत नळाचं पाणी भरून ठेवायचं आणि संध्याकाळी टाकीतलं पाव हिस्सा काढून हे घालायचं. आणि मीठ नाही. दुसऱ्या माशांना काही झालं की दुकानदार चिमूटभर खडेमीठ टाकायला सांगतात. यांना ते सोसत नाही, असं वेदांतने जाताना तीनदा बजावलं होतं.

पाण्यात काय काय विरघळलंय त्याचा आकडा दाखवणारा पेनाएवढा मीटर त्याने मागवला होता. तो शर्टाच्या खिशात क्लिपने अडकवलेला असे. जानेवारीत त्याने नळाचं पाणी मोजलं: एकशे चाळीस. पास. त्यानंतर दर रविवारी सकाळी फक्त टाकी मोजायची आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. एकशे नव्वदच्या आसपास तो होळीपर्यंत मुकाट बसून होता.

होळी झाली आणि हवालदार बिघडले. एरवीही ते मधूनच सरळ वर जाऊन हवेचा घोट घेऊन खाली येत, पण आता त्यांची वरखाली ये-जा थांबेना. जयवंतने मीटर बुडवला. चारशे दहा. पुढच्या रविवारी सहाशे ऐंशी. कुठेतरी पाणी मुरत होतं. खाणं तेच, वाळू तीच, नळ पास झालेला. मग पाण्यात जातंय काय? आणि घालतंय कोण? घरात माणसं दोनच होती, आणि त्यांतला एक तो स्वतः होता.

आशालता दिवाळीनंतर त्याच्याकडे आली होती. बहात्तर वर्षांची. नायगावच्या खाडीकाठच्या गावात तिला सगळे बाय म्हणत, तोही म्हणे. पोटी मूल नाही, नवरा कधीच गेलेला. बापाबरोबर ती मिठागरावर राबली. लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचं, टोपल्या भरायच्या, डोक्यावरून बांधावर नेऊन टाकायच्या. मिठागर बंद पडलं, आणि गुडघे त्यानंतर. "एकटी मरशील तिथे, चल," असं म्हणून जयवंतनेच तिला आणलं होतं. टाकीला हात लावायचा नाही, एवढी एकच अट घातली होती.

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. जयवंतला आवडत्या बहिणीचं मीठ टाकीत दिसायला लागलं.

आधी त्याला वाटलं, बिचारी अडाणीपणाने करत असेल. जन्मभर मासा म्हणजे एक तर कालवणात, नाहीतर मीठ लावून वाळवणीवर. मिठाने सगळं टिकतं, मग हे का नाही टिकणार? पण मग दुसरंही सुचलं. ती बोलायला आली की तो "हं, हं" करत टाकीकडे बघत असे. एकदा ती म्हणालीही होती, "या मिशीवाल्यांशी बोलतंस तेवढं माज्याशी बोल." हसून म्हणाली होती. जास्त गोड बोलणाऱ्या ड्रायव्हरांना तो ओळखून होता.

आणखी पुरावेही जमले. टाकीसमोरच्या स्टुलाखाली एकदा मिठाचे चार खडे मिळाले. दोनदा तिथली फरशी ओली. ब्लडप्रेशरमुळे त्याच्या ताटातलं मीठ डॉक्टरांनी निम्म्यावर आणलेलं, तरी महिन्यात किलोभर मीठ संपलं. रविवारी आकडा नऊशे पन्नास झाला. म्हणून सोमवारी त्याने बरणीला दोरा लावला.

मंगळवारी दुपारी तो झोपून उठला तेव्हा दोरा खाली हळदीच्या डब्यावर पडला होता. मीठ चिकटपट्टीच्या दोन बोटं खाली गेलं होतं. बुधवारी सकाळी एक हवालदार वाळूवर आडवा पडलेला मिळाला. जयवंतने त्याला कागदात गुंडाळून खाली जास्वंदीच्या मुळाशी पुरलं. आशालता गॅलरीतून बघत होती. तो वर आला तेव्हा ती म्हणाली, "गेला ना रं एक."

जयवंत हात धुवायला गेला. हिला एवढं वाईट वाटायचं कारण काय, हे तो मनात लिहून ठेवत होता.

गुरुवारी संध्याकाळी तो रोजच्यासारखा ज्येष्ठांच्या बाकावर जायला निघाला, लिफ्टने खाली गेला, दहा मिनिटं काढली आणि परत आला. कुलूप आवाज न करता उघडलं. बाय स्टुलावर बसली होती. पायाशी एक पांढरा कॅन, टाकीचं झाकण बाजूला केलेलं, आणि हातातल्या तांब्यातून ती टाकीत बारीक धार सोडत होती.

"काय ओततेस?"

तिने मागे पाहिलं नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत धार तशीच धरली.

"पानी."

"टाकीला हात लावायचा नाही, सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतंस."

"मग?"

"मासं सारखं वर येतात. त्यांना पानी सोसत नाय, जया."

"का सोसत नाही ते मला विचार." त्याने कॅन उचलला. रिकामा होता. त्याने तो हुंगला, आत बोट फिरवलं. ओल्या प्लास्टिकला कसला वास असणार? "मीठ आहे त्यात. बरणीच्या झाकणाला मी दोरा लावला होता, तो पडला. पट्टी लावली होती, मीठ दोन बोटं उतरलं. या स्टुलाखाली खडे मिळाले मला."

तिने सगळं ऐकून घेतलं. दोरा ऐकला, पट्टी ऐकली. मग स्टुलाच्या कडेवर तळवे टेकून हळूहळू उठली.

"माज्यावर पाळत ठेवलीस?"

जयवंतला लाज वाटली. ती झाकायला माणूस जे करतो तेच त्याने केलं, आवाज चढवला.

"मिठाशिवाय तुला दुसरं काही आलं का कधी?"

शब्द तोंडातून गेले तेव्हाच त्याला ते परत हवे होते. आशालताने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. त्या हातांनी टोपल्या वाहिल्या म्हणून धाकटा भाऊ वसईच्या हायस्कुलात जाऊ शकला, जकात नाक्यावर चिकटला. ते दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे बोलून दाखवायची गरज नव्हती.

"नाय आलं," ती म्हणाली. "पन मीठ मना कळतं."

कॅन विसळून तिने गॅलरीत पालथा घातला.

शुक्रवारी सकाळी तिने तपकिरी रेक्झिनच्या पिशवीत लुगडी भरली, तेलाची बाटली फडक्यात गुंडाळून वर ठेवली. जयवंत पेपर घेऊन बसला होता. राहा, एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द दोनदा घशापर्यंत आला. पण तो उच्चारला असता तर दोरा, पट्टी, खडे, सगळंच खोटं ठरलं असतं, आणि पुरावा तर त्याच्या हातात होता.

"रिक्षा बोलावू?" त्याने विचारलं.

"नको. खाली भेटंल."

दार तिने ओढून घेतलं. लिफ्ट येईपर्यंत ती बाहेर उभी होती. तोही दाराच्या आत उभा होता.

शनिवारी त्याने फार काळजीने पाणी बदललं. बालदी घासली, मग दोनदा धुतली. नेहमीसारखं पाव हिस्सा काढलं, नळाचं घातलं. आता घरात मीठ टाकणारं कोणी नव्हतं. रविवारी सकाळी चहाच्या आधी त्याने मीटर बुडवला.

अकराशे नव्वद.

त्याने मीटर झटकला, पुसला, परत बुडवला. अकराशे नव्वद. ती गेल्यावरही आकडा चढला होता. कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. जयवंत नाक्यावर शिकलेला होता. जाताना तिने वाळूत खडा पुरून ठेवला असेल, हळूहळू विरघळेल असा, हे त्याला सुचलं. मग त्याने चहाची गाळणी घेतली, बाह्या वर केल्या आणि टाकीतली सगळी वाळू कोपऱ्या-कोपऱ्यातून गाळली. हवालदार भेदरून इकडून तिकडे पळत राहिले. पाणी गढूळ झालं. गाळणीत मिळाली ती शंखाची एक कपची आणि जुनी गोळी.

मंगळवारी मोठी मादी मेली. सगळ्यांत थोराड, पोटाशी गुलाबी झाक असलेली. तिलाही जास्वंदीखाली पुरून तो वर आला आणि टाकीसमोर बसला. चौघे वर जात होते, घोट घेत होते, खाली येत होते. त्यांतला एकही डोळा मिचकवत नव्हता. दुपारच्या जेवणाला त्याने दूध-पाव खाल्ला. घर इतकं शांत होतं की पंपाची बुडबुड त्याला पहिल्यांदाच नकोशी झाली.

गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात रिटा उभी होती. कोपऱ्यावर वाडीतली भाजी आणि राजेळी केळी घेऊन बसायची, ती. एका हातात पालकाची जुडी, दुसऱ्या हातात पांढरा कॅन, काठोकाठ भरलेला.

"काय ओ जयवंतभाऊ, बाय कुठं हाय? खाली आली नाय. म्हटलं, गुडघे धरले की काय."

"गावाला गेलीय."

"सांगितलं नाय मला." तिने कॅन उंबऱ्याच्या आत ठेवला आणि कंबर सरळ केली. "हा घ्या मग. मागच्या गुरुवारचा रिकामा द्या."

"कसला कॅन हा?"

रिटाने त्याच्याकडे बघितलं. "आमच्या विहिरीचं पानी. चार गुरुवार झाले, आनून देते. तुमच्या माशांना. तुमच्या नळाचं बिघडलंय बोलली."

"बिघडलंय?"

"खारं झालंय बोलली. मी बोलले, अगं भावाला सांग ना. तर बोलते, एकदा सांगितलं. त्याला सांगून पटत नाय, मोजून पटतं." रिटा हसली. तो हसला नाही, तेव्हा तीही थांबली. "गुडघे बरे हायत ना तिचे? मीच सांगितलेलं तिला, गरम पान्यात मूठभर मीठ घालून पाय बुडवत जा. तुम्ही झोपलात की घमेलं घेऊन माशांसमोर बसते, बोलायची. गंमत वाटायची तिला त्यांची."

जयवंतने गॅलरीतला कॅन आणून तिच्या हातात दिला. गॅलरीच्या दारामागे घमेलं उभं करून ठेवलेलं होतं. आतून त्याच्या कडेला मिठाचा पांढरा थर धरला होता. ते तिथे रोजच असायचं.

रिटा गेल्यावर त्याने कॅनचं झाकण उघडून मीटर बुडवला. एकशे तीस. मग तो स्वयंपाकघरात गेला, पिण्याच्या पाण्याच्या विकतच्या जारला वळसा घालून नळाशी उभा राहिला, वाटीभर पाणी घेतलं. पास झालेली गाडी तो पहिल्यांदाच परत तपासत होता.

एकोणीसशे.

 त्याने वाटीत बोट बुडवून जिभेवर ठेवलं. खाडी. लहानपणी बाप मिठागरावर वाफ्यातल्या पाण्याचा थेंब आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायचा, मग बायच्या, मग त्याच्या, आणि विचारायचा, पिकलं का, मीठ धरण्याइतकं खारं झालं का? बाय कधी चुकली नाही. तोही फारसा चुकत नसे. नाक्यावर त्याचं काम पडलं नाही, आणि घरी पिण्यापासून चूळ भरण्यापर्यंत तो जारचंच पाणी वापरी.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ती बेसिनपाशी म्हणाली होती, "चूळ भरली तर खारं लागतं, जया." तो पेपरातून मान वर न करता म्हणाला होता, "तुझ्या जिभेवर अजून मिठागरच आहे."

खाली वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "होळीपासून बोअरचं मिसळतात काका, टँकर पुरत नाही. खारटच आहे ते. लिफ्टजवळ नोटीस लावलीय की." नोटीस खरंच होती, कोपरे वळलेली. तिच्यासमोर उभं राहून तो रोज लिफ्टची वाट बघत असे, येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे तपासत. दर शनिवारी टाकीत मीठ घातलं होतं ते त्याने. बालदी घासून, धुऊन, काळजीने. दोन्ही साबणवाले निर्दोष होते.

वर येऊन त्याने टाकीतलं थोडं पाणी काढलं, स्टुलावर बसला आणि रिटाच्या कॅनमधलं पाणी तांब्याने, बारीक धारेने, टाकीत सोडलं. तिने सोडलं होतं तसंच. हात दुखेपर्यंत. ओतताना त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते टाकीत पडू नये म्हणून त्याने मान मागे घेतली.

शुक्रवारी सकाळी नायगाव स्टेशनहून त्याने रिक्षा केली. रस्त्याच्या एका बाजूला नव्या टॉवरांच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या मिठागराच्या बांधांवर खारफुटीची तिवरं माजली होती. बायच्या घराचं दार उघडं होतं. ती पायरीवर बसून सुपातला जवळा निवडत होती. त्याला बघून तिने सूप जरा बाजूला सरकवलं.

"बस."

तो उभाच राहिला. ती चौकटीला धरून उठली, आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. त्याने हात पुढे केला, पण तिने तांब्या लगेच दिला नाही. तिची नजर त्याच्या शर्टाच्या खिशावर होती.

"आधी मोज," ती म्हणाली.

जयवंतने मीटर खिशातून काढला आणि पायरीवर, सुपाशेजारी ठेवला. मग तिच्या हातातून तांब्या घेऊन पाणी प्यायला. एका दमात, तळापर्यंत.

"कसं हाय?"

"खारं आहे, बाय."

तिने मान हलवली. त्याला सगळी जबानी द्यायची होती: नोटीस, नळ, रिटा, गाळलेली वाळू. त्याने सुरुवातही केली. "नळाला एकोणीसशे..."

"म्हाईत हाय मना." तिने रिकामा तांब्या त्याच्याकडून घेतला. "मासं किती रायलं?"

"चार."

"ती मोठी?"

"गेली."

आशालताने जवळ्याकडे पाहिलं, मग समोरच्या बांधाकडे. पदराचं टोक डोळ्याला लावलं. "पाय बुडवून बसायचे ना मी, तर ती काचेशी यायची," ती म्हणाली. "बाकीचं नाय यायचं."

"माझं चुकलं, बाय."

ती पायरीवर टेकली. सुपातल्या जवळ्यातला शेवटचा कचरा वेचून टाकला, जवळा डब्यात भरला, झाकण दाबलं. जयवंत पायरीवर तिच्या जागेशेजारी बसला होता, आता काय करायचं ते न कळून. मीटर दोघांच्या मध्ये पडून होता.

"तं उठ," डबा घेऊन आत जात ती म्हणाली. "खुंटीवरची ती पिशवी काढ. माजा हात पोचत नाय."

तो आत गेला. खुंटी चांगलीच उंच होती. त्यालाही टाचा उचलाव्या लागल्या. तपकिरी पिशवी भरलेली होती, आणि तेलाची बाटली अजून फडक्यात गुंडाळून वरच होती. जिचा हात पोचत नाही, तिने पिशवी इतक्या उंच टांगली कशी, हा प्रश्न जयवंतच्या अगदी जिभेवर आला. त्याने तो गिळला आणि पिशवी खांद्याला लावली.